माया

खामकरांनी ब्लाउज उलटा केला,
चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं,
"म्हात्रेबाई, माया किती ठेवू?"

शिंप्याच्या बोलीत माया म्हणजे
शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड.
दोन्ही बगलांना दीड-दीड इंच,
बाहेरून कुणाला दिसत नाही.

माझे एकोणीस किलो उतरले त्या वर्षी
त्यांनी माझे अकरा ब्लाउज आत घेतले,
पैसे घेतले सातांचेच.
कोलशेतला भाचीच्या हळदीत जाऊबाईंनी
कोंबडी घेण्याआधी चाचपावी तसं मनगट धरलं,
"काय गो, आजारीबिजारी हाईस का?"
पतपेढीत पासबुक भरायला आलेल्या बायका
खिडकीतून वाकून विचारायच्या, कसं केलंत?
मी सांगायचे.
तेव्हा सांगण्यासारखं होतं काहीतरी.

दुसऱ्या वर्षी विचारणं थांबलं.
उतरवताना काटा दर आठवड्याला
हातावर काही ना काही ठेवायचा,
दोनशे ग्रॅम, चारशे ग्रॅम.
आता तो तोच आकडा दाखवतो
आणि तेवढ्यासाठी मला पूर्वीइतकंच चालावं लागतं.
सोसायटीचा मेंटेनन्स असतो तसं.
भरला म्हणून आभार कोण मानतं?
चुकला की मात्र नाव फळ्यावर.

कचराळी तलावाला पहाटे सहा फेऱ्या.
माझ्याबरोबर कर्णिक असायचे,
बावीस किलो उतरवून
त्यांनी तलावावर सगळ्यांना पेढे वाटले होते.
पुढच्या दिवाळीनंतर दिसेनात.
मग एकदा राम मारुती रोडला समोरासमोर आलो.
त्यांनी पोट आत ओढलं, श्वास धरून हसले.
मी दुकानातल्या चपलांकडे बघत राहिले,
त्यांना श्वास सोडता यावा म्हणून.

चौथ्या वर्षी आई कळव्याच्या हॉस्पिटलात,
अठ्ठेचाळीस दिवस.
रात्री दोनला कँटीनचा चहा, त्यात बुडवलेली खारी,
सकाळी वडापाव, कारण तो उभ्याने खाता येतो.
आई गेली.
सहा किलो परत आले,
जुन्या भाडेकरूकडे चावी राहून गेलेली असते ना,
तसे बेल न वाजवता.
तेराव्याला नेसायच्या साडीचा ब्लाउज
हुकापाशी मिळेना.
खामकरांनी काही विचारलं नाही.
ब्लेडने एक टीप उसवली,
"याच्यासाठीच ठेवली होती," म्हणाले,
आणि चहा मागवला, बिनसाखरेचा.

ते सहा किलो जायला चौदा महिने लागले.
त्या चौदा महिन्यांबद्दल
कुणी एका शब्दानं विचारलं नाही,
आणि मलाही सांगायला काय होतं?
भात वाटीने घेतला.
दुसरी वाटी घेतली त्या दिवशी
दुसरी घेतली, एवढंच म्हटलं,
तिसरीसाठी तिचं निमित्त केलं नाही.

इस्त्री करताना ब्लाउज उजेडात धरला
की जुन्या शिवणींची भोकं दिसतात.
तीन ओळी, बारीक, एकीशेजारी एक.
कापड विसरत नाही, आपण कुठवर होतो ते.
अंगही विसरत नसावं.
दुपारी साडेचारला अजून ते मला
त्या पहिल्या ओळीवर बोलावतं.

"आठ वर्षं झाली की," खामकर म्हणाले,
"आता कापून टाकू का माया?
काखेत टोचत असेल."

टोचते, मी म्हटलं.
राहू दे.

त्यांनी खडूने खूण केली,
"गुरुवारी देतो," म्हणाले, म्हणजे शनिवारी.
मी पायऱ्या उतरले.
कोपऱ्यावर कांदाभजीचा घाणा नुकताच पडला होता.
वास येतो.
आठ वर्षांत तो एकदाही
यायचा राहिलेला नाही.